एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज) भरतेयस? आधी भारतवाऱ्या मोज
अगं सिव्हिक्सचं (अमेरिकेचा इतिहास नि सरकार यावरच्या परीक्षेचं) टेन्शन नको घेऊस, खरा वेळ जातो तो प्रवासाच्या तारखांत. गेल्या ५ वर्षांतल्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या ट्रिपा, निघाल्याची-परतल्याची तारीख, पासपोर्टचे शिक्के नि तिकिटांचे ईमेल बघून आत्ताच लिहून काढ, आणि एखादी ६ महिन्यांवर गेली असेल तर घर, नोकरी, टॅक्सचे कागद सोबत हवेतच. मी एक ट्रिप लिहायला विसरले होते, मुलाखतीत ऑफिसरने विचारल्यावर घामच फुटला, पण खरं ते सांगितलं आणि त्यांनी तिथेच दुरुस्त केलं. आता अर्ज केलास तर सिव्हिक्सच्या १२८ प्रश्नांतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत, घरच्यांना रोज जेवताना विचारायला लाव. आणि हो, शपथेनंतर भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड), तोवर आईबाबांकडे जायची तिकिटं काढू नकोस गं.