शिवणशंका : कापडाला कात्री लावण्याआधी कागद मोजा

तयार पेपर पॅटर्न आणून घरच्या मशीनवर कुर्ता, टॉप, फ्रॉक शिवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळचं सदर दिलं आहे. ब्लाऊजच्या पेपर कटिंगवर हात बसलेल्यांनाही परदेशी पॅटर्न उघडला की पहिला कपडा फसतो. त्यात शिवणीचा दोष क्वचितच असतो. चूक बहुतेक वेळा कात्री चालण्याआधीच झालेली असते.

प्रश्न : माझी छाती 39 इंच. पाकिटावरच्या तक्त्यात 16 नंबरला 38 आणि 18 नंबरला 40 होतं, म्हणून 18 कापला. टॉप छातीत बसला, पण खांदे दंडावर उतरतात आणि गळा पुढे फुगतो. पॅटर्नच चुकीचा आहे का? (मुलुंड)

उत्तर : पॅटर्न बरोबर आहे, नंबर चुकला. सिंप्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग या अमेरिकी पॅटर्न-कंपन्यांच्या नंबरांचा रेडिमेड कपड्यांच्या नंबरांशी काही संबंध नाही. त्यांचा 14 नंबर म्हणजे छाती 36, कंबर 28, सीट 38. पुढे 16 आणि 18 ला प्रत्येक माप 2 इंचांनी वाढतं आणि छातीबरोबर खांदा, गळा, मुंढा हेही वाढत जातात. अंगाचं तसं नसतं. छाती भरली म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत.

हे पॅटर्न 'बी' कप धरून आखतात. म्हणजे पूर्ण छाती ही वरच्या छातीपेक्षा साधारण 2 इंचच जास्त असेल, असा हिशेब असतो. तुम्ही टेप काखेत अगदी वर घेऊन, पाठीवरून सरळ आणि पुढे उभाराच्या वरून फिरवून पाहा. हे माप 36 भरलं तर फरक 3 इंचांचा झाला. अशा वेळी वरच्या छातीचा आकडाच तक्त्यात शोधायचा आणि 14 नंबर कापायचा. खांदा आणि गळा तिथेच सुटतो. उरले 3 इंच, ते फक्त पुढच्या भागात घालायचे. कागद अर्ध्या पुढ्याचा असतो, म्हणून त्यात दीड इंच.

पुढ्याचा कागद अंगाला लावून छातीच्या टोकाची खूण करा. तिथून खाली घेरापर्यंत, कागदावरच्या बाणाला (तो कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा दाखवतो) समांतर, एक रेघ ओढा. त्याच खुणेपासून वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तिरकी रेघ आणि बाजूच्या टक्सच्या मधोमध तिसरी. खालून कापत वर जा. मुंढ्याच्या शिवणरेषेपाशी धागाभर कागद सोडा, तो बिजागरीचं काम करतो. टक्सची रेघ बाजूकडून आत कापा आणि टोकाशी तसाच किंचित कागद ठेवा. आता खालच्या उभ्या चिरेत दीड इंचाची फट उघडा, दोन्ही कडा समांतर राहू द्या. टक्स आपोआप रुंद होईल. मधल्या बाजूचा कागद खाली आखूड दिसेल. तो कमरेच्या आसपास आडवा कापून तेवढाच खाली सरकवा, म्हणजे घेर एका रेषेत येतो. फटींखाली कागद चिकटवा. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या 1 इंच अलीकडे थांबवा, नाहीतर तिथे चोच निघते.

शिवणक्लासात छातीचा चौथा हिस्सा अधिक सैलपणा असं शिकवतात. तयार पॅटर्नमध्ये सैलपणा आधीच घातलेला असतो, तो पुन्हा घालू नका. पाकिटावरचं माप अंगाचं, तर पॅटर्नच्या कागदावर छातीपाशी छापलेलं 'फिनिश्ड' माप शिवून झालेल्या कपड्याचं. दोन्हींतला फरक 3 ते 4 इंच असेल तर कपडा अंगाबरोबर बसेल, 5 च्या वर असेल तर ढगळ.

उंचीही तपासा. हे पॅटर्न 5 फूट 5-6 इंच उंचीसाठी असतात आणि 14 नंबरला मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठ 16½ इंच धरलेली असते. तुमची 15 भरली तर दीड इंच कमी करायचा, पण घेरातून नव्हे. कमरेच्या वर दोन समांतर रेषा छापलेल्या असतात, तिथे कागद दुमडायचा, पुढ्यात आणि पाठीत सारखाच. नुसता घेर कापला तर कमरेचा आकार सीटवर उतरतो. हे सगळं झाल्यावर आधी मांजरपाटात कापून, लांब टाक्याची कच्ची टीप घालून अंगावर पाहा. बाह्या, गळपट्टी काही लागत नाही. दीड-दोन मीटर मांजरपाट गेला तरी चालेल, चांगलं कापड वाचतं.

प्रश्न : पीडीएफ पॅटर्न झेरॉक्सच्या दुकानात छापून पानं चिकटवली. माप बघून नंबर निवडला होता, तरी कुर्ता घट्ट झाला. (डोंबिवली)

उत्तर : छापताना आकार घटला असणार. 'फिट टू पेज' चालू राहिलं की सगळा पॅटर्न थोडा थोडा आक्रसतो आणि डोळ्यांना कळतही नाही. दुकानदाराला 'ॲक्च्युअल साइज' किंवा 100 टक्के ठेवायला सांगा आणि माप पडताळायला छापलेला चौकोन ज्या पानावर असतो, ते एकच पान आधी काढून घ्या. तो चौकोन तिथेच, काउंटरवर, दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजा. 10 सेंमीऐवजी 9.6 भरला तर 40 इंची घेरात 1.6 इंच गेले, म्हणजे जवळजवळ निम्मा सैलपणा. अमेरिकी फाइल बरेचदा लेटर कागदाची असते. तो 21.6 सेंमी रुंद, आपला ए-फोर 21. सोबत ए-फोरची फाइल असेल तर तीच छापा.

चिकटवताना दर जोडाला 1 मिमी चुकलं तरी पाच जोडांत अर्धा सेंटीमीटर होतो. हे टाळायचं तर ए-झिरोची, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापायची फाइल घेऊन आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे द्या. फोर्टात अशी दुकानं आहेत. चौकोन तिथेही मोजायचाच.

प्रश्न : पाकिटावर 45 इंच पन्ह्याचं सव्वादोन यार्ड कापड लिहिलंय. मंगळदास मार्केटमध्ये आवडलेल्या हातमागाच्या कापडाचा पन्हा 36 आहे. किती घेऊ? शिवाय मागचा कुर्ता धुतल्यावर बाजूची शिवण पोटावर आली, ती का? (गिरगाव)

उत्तर : यार्ड म्हणजे 91.4 सेंमी, तेव्हा सव्वादोन यार्ड म्हणजे 2.06 मीटर. 36 पन्ह्याला तेच कापड सुमारे 2.6 मीटर लागेल. सुती कापड मीटरला 3 ते 5 सेंमी आटतं, म्हणून पावणेतीन मीटर घ्या. एकाच दिशेची नक्षी किंवा मोठे चौकडे असतील तर अजून पाव-अर्धा मीटर. पण पैसे देण्याआधी एक गोष्ट बघा. 36 पन्हा दुमडला की 18 इंच राहतो आणि काठ सोडला की साडेसतरा. घडीवर ठेवायचा तुमचा सर्वांत रुंद तुकडा त्याहून मोठा असेल तर कितीही मीटर घेतलं तरी तो बसणार नाही. मग कळी जोडा, नाहीतर 44 किंवा 58 पन्हा शोधा.

कापड कापण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा आणि इस्त्री करा. पावसाळ्यात घरात वाळवलेलं कापड हाताला कोरडं लागतं, पण घडीत दमट असतं. असं कापून शिवलं तर ते शिवल्यावर आटतं. एक रात्र आणखी पंख्याखाली राहू द्या.

आता शिवण का फिरली ते. तुकडा उभ्या धाग्यावर कापला गेला नव्हता. आधी कापडाचं टोक सरळ करा. काठाला छोटी चीर देऊन सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचला आणि हलकेच ओढत जा. कापडावर बारीक चुणीची रेघ उठते, तिच्यावरच कात्री चालवा. पॉपलीन, केंब्रिक दुकानदाराने फाडून दिलं असेल तर हे काम झालेलंच असतं, कारण फाटलेली कड आडव्या धाग्यावरच जाते. मग घडी घालून कोपरे जुळतात का पाहा. जुळत नसतील तर आखूड राहिलेले दोन समोरासमोरचे कोपरे दोघांनी धरून तिरकं ताणा. शेवटी कागद ठेवा आणि बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचं अंतर मोजा. वर 7 इंच तर खालीही 7 इंचच हवं. कापड वाचवायला कागद जरा तिरका सरकवला की कुर्ता पहिल्या धुण्यात पीळ घेतो आणि तो नंतर कुणालाही काढता येत नाही.

प्रश्न : बाही मुंढ्याला जोडताना वरच्या गोलाईवर चुण्या पडतातच. (ठाणे)

उत्तर : टेप उभा, कडेवर धरून बाहीच्या गोलाईची आणि मुंढ्याची शिवणरेषा मोजा. कापलेली कड मोजू नका, ती शिवणरेषेपेक्षा वेगळी भरते. परदेशी पॅटर्नमध्ये बाही मुंढ्यापेक्षा 1 ते दीड इंच जास्त असते. लोकरीचं कापड वाफेने तेवढं जिरवून घेतं, आपलं घट्ट विणीचं पॉपलीन नाही. पॉपलीनला पाऊण इंच पुरे. जास्तीचं कमी करायला बाहीच्या कागदावर, गोलाईच्या मध्याच्या थोडं खाली, आडवी घडी घालून उंची 3 ते 6 मिमी कमी करा आणि पुन्हा मोजा. एकदम अर्धा इंच घेऊ नका, हात वर करताना बाही ओढते.

मग गोलाईवर, पॅटर्नवर जोडखुणेसाठी दिलेल्या खाचेपासून खाचेपर्यंत मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारा, एक शिवणरेषेच्या आत आणि एक बाहेर. बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र ओढा. उरलेला सैलपणा खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना पसरवा, अगदी माथ्यावर 1 इंच सपाट ठेवा. काखेच्या भागात काहीच ओढायचं नाही. जोडताना बाही वर, आपल्या बाजूला ठेवून शिवा, म्हणजे चुणी सुईखाली जाण्याआधी दिसते. आणि खाचा मोजा : एक खाच पुढची, दोन खाचा पाठीच्या. डावी-उजवी बाही बदलली तर सैलपणा उलट्या बाजूला जातो आणि चुण्या पडल्याच म्हणून समजा.

प्रश्न : बर्डाच्या अंकातला टॉप आखडला, तर अमेरिकी पॅटर्नचा टॉप घेराला सैल असूनही डोक्यातून जाईना. (दादर)

उत्तर : दोन्हीकडे घोटाळा मायेचा, म्हणजे शिवणरेषेबाहेर सोडायच्या कापडाचा. बर्डा मासिकाच्या तक्त्यावरच्या रेषा शिवणीच्या असतात, माया आपण सोडायची. ती न सोडता कापून 1.5 सेंमीवर शिवलं तर दोन बाजूंच्या शिवणींतच 6 सेंमी घेर जातो. अमेरिकी पॅटर्नमध्ये 1.5 सेंमी माया घातलेली असते. तुम्ही फूटच्या कडेने, पाव इंचावर टीप मारली असेल तर घेर वाढतो, पण गळा उलट लहान होतो, साधारण 2 इंचांनी. आता गळ्याला 1.5 सेंमीवर दुसरी टीप मारा, माया 6 मिमी ठेवून छाटा आणि गोलाईवर दर 1 सेंमीला टिपेच्या अगदी जवळपर्यंत खाचा द्या.

प्रश्न : 'फ्युजिबल इंटरफेसिंग' दुकानात काय म्हणून मागायचं? (विरार)

उत्तर : इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग, म्हणजे गळपट्टी-कॉलरला ताठपणा देणारं आतलं कापड. शर्टाच्या कॉलरचं कडक देऊ नका, कुर्त्याच्या गळपट्टीला पातळ सुती हवं, असं स्पष्ट सांगा. चिकटवण्याआधी कोमट पाण्यात बुडवून वाळवा. खडबडीत, गोंदाची बाजू कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून इस्त्री एका जागी 10-12 सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. घासत नेली तर पेस्टिंग सरकतं. गार होईपर्यंत पट्टी हलवू नका, गोंद गरम असताना वाकली तर तिथे पुढे फुगे येतात.