रव्याशिवाय तळलेली इसवण (सुरमई)

कर्बोदकं टाळून मासे पहिल्यांदाच तळताय ना, मग बांगडा नको. इसवणीच्या अर्धा इंची तुकड्या घ्या. म्हापशाच्या बाजारात सांगितलं की कापून देतात.

रवा, मैदा, तांदळाचं पीठ बाद. बेसनही बाद! १०० ग्रॅम बेसनात ५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, हे बरेच जण विसरतात. एक अंडं फेटून त्यात बदामाचं पीठ, मीठ, तिखट घाला. पाणी अजिबात नको; चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत दाट हवं. (सोबत उकड्या तांदळाचा भात घेणार असाल तर खुशाल रवाच लावा.)

बिघडतं ते इथे:

- मासा ओला राहतो. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा खारट रस) लावून १५ मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं. ते फडक्याने नीट टिपा, नाहीतर पीठ तव्यावर आणि मासा उघडा.
- आच मोठी. बदामाचं पीठ पटकन करपतं, मध्यमच ठेवा.
- उलटायची घाई. कडा सोनेरी होऊन तुकडी आपसूक सुटेपर्यंत उलथनं बाजूला.

सोडा, इसबगोल वगैरे प्रयोग सध्या नकोत. एका वेळी दोनच तुकड्या सोडा.