डाएट चार्ट राहू दे, आधी रात्री बाराला काय होतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मुलींच्या वसतिगृहात नव्यानं सहायक रेक्टर झालात. पाच-सहा जणी वजन कमी करायचंय म्हणून तुमच्याकडे आल्या. तुम्ही ओळखीच्या आहारतज्ज्ञांकडून चार्ट आणून दिलात आणि तिसऱ्या आठवड्यात चार्ट कपाटाच्या दारावर नि मुली पुन्हा मॅगीवर. 'यांच्यात चिकाटीच नाही का?' असं तुम्ही विचारलंय.

चिकाटी आहे हो. याच मुली सबमिशनच्या आदल्या रात्री चार-चार वाजेपर्यंत जागून फाइली पुऱ्या करतात. मी पुण्यात सोळा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. आहारशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, म्हणून काय खावं यावर फार बोलणार नाही. पण कधी, कुठे, कोणाबरोबर आणि कशानंतर खाल्लं जातं हे मी रोज बघत आले, आणि वसतिगृहात वजन वाढतं ते बहुतेक तिथेच.

चार्ट का फसतो ते आधी सांगते. त्यात लिहिलेलं असतं: सकाळी मोड आलेली कडधान्यं, अकराला फळ, दुपारी एक फुलका आणि वाटीभर कोशिंबीर. हे कोण करणार? मुलीजवळ गॅस नाही, फ्रीज नाही, मेसमध्ये जे येईल ते ताटात. तो चार्ट खरं तर तिच्या आईच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला असतो. मुलगी चार दिवस ओढाताण करते, पाचव्या दिवशी चुकतं, मग 'माझ्यानं नाही होत' म्हणून सगळंच सोडून देते.

आता तुमच्या मेसची वेळ बघा. आमच्याकडे जेवण साडेसात ते नऊ. मुली झोपणार एक-दीडला. म्हणजे शेवटचा घास आणि झोप यांच्यात पाच तास, आणि त्यातच दिवसाचं सगळ्यात डोकेफोड काम. बारा वाजता भूक लागणं हा काही दुर्गुण नव्हे. अडचण ही की त्या वेळी हाताशी काय असतं? किटलीत मॅगी, कपाटात वेफर्सचं पाकीट, मोबाइलवर ऑर्डर, आणि मुलांच्या वसतिगृहात कोपऱ्यावरची भुर्जीपावची गाडी.

म्हणून पहिले दहा दिवस काहीही बदलू नका. फक्त वही ठेवायला सांगा. चार रकाने: वेळ, काय खाल्लं, कुठे आणि कोणाबरोबर, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. कॅलरी वगैरे मोजायच्या नाहीत. अमेरिकेत २००८ साली जवळजवळ १७०० लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं होतं. नोंद ठेवणारा माणूस मुळातच जास्त नेटाचा असतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी वहीला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

एका मुलीची वही मला अजून आठवते. सेकंड इयर, कॉम्प्युटरची. बुधवारची नोंद: 'रात्री १२:४०. मॅगी दीड पाकीट. रूम नं. अमुक, चौघी. आधी: प्रोग्रॅम चालत नव्हता.' गुरुवारी पुन्हा तेच, फक्त आधीच्या रकान्यात 'भूक नव्हती, सगळ्या खात होत्या'. शुक्रवारी 'आईशी भांडण, मग चिप्स'. आठव्या दिवशी ती स्वतःच वही घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मला जेवणात काही प्रॉब्लेमच नाहीये. माझा प्रॉब्लेम त्या चौघींच्या रूममध्ये आहे." मी हेच तिला पन्नास वेळा सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती, बस्स.

मग केलं काय? मॅगी बंद असं म्हटलं नाही. मेसच्या काकांना गाठलं. डबा बाहेर न्यायला बंदी होती, ती या मुलींपुरती उठवून घेतली. रात्रीच्या ताटातली एक पोळी आणि वाटीभर उसळ जेवताना बाजूला काढायची, डब्यात भरायची आणि अकराला खायची. म्हणजे जेवण तेवढंच, फक्त दोन हप्त्यांत. सकाळची उसळ मात्र रात्रीपर्यंत ठेवू देऊ नका, उन्हाळ्यात आंबते. आणि एक वाक्य तिनं स्वतःच्या हातानं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: 'अकरा वाजले की मी माझ्या टेबलावर डबा उघडेन, आणि त्या रूममध्ये डबा खाल्ल्यावरच जाईन.' अशा 'अमुक झालं की मी तमुक करेन' छापाच्या वाक्यांवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं बरंच काम केलंय. 'मी कमी खाईन' या नुसत्या निश्चयापेक्षा वेळ आणि जागा ठरवलेलं वाक्य पाळलं जाण्याची शक्यता जास्त, असं त्याचं सार. मैत्रिणींशी गप्पा तुटल्या नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. एकटी पाडून बारीक केलेली मुलगी सुट्टीहून आली की पुन्हा पहिल्यासारखी.

टपरीचं वेगळं. तुम्ही म्हणाल, चहात साखर कमी घ्या. पण टपरीवर साखर आधणातच पडते, तुमच्या कटिंगसाठी वेगळं पातेलं कोण ठेवणार? तिथे बदलता येते ती फक्त संख्या. एका चहात दीड चमचा साखर धरली, चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर पाच कटिंगची साखर साडेसदतीस ग्रॅम. म्हणजे दीडशे कॅलरी नुसत्या साखरेच्या, दुधाचं आणि सोबतच्या क्रीमरोलचं सोडा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवा असा आहे, तो इथेच ओलांडला जातो. आमच्या मुलींनी वन बाय टू सुरू केलं. टपरीवर जायचं तेवढ्याच वेळा, पण दोघींत एक चहा. कुणालाही 'डाएटवर आहे' असं सांगावं लागलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला ते सांगणं फार जड जातं, हे आपण मोठी माणसं विसरतो.

रविवार हा स्वतंत्र धडा आहे. दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. फीस्टला पैसे वसूल करायचे म्हणून श्रीखंडाच्या तीन वाट्या, आणि रात्री आठला सगळ्या मिळून पिझ्झा. यावर मला चांगला तोडगा कधीच मिळाला नाही, खरं सांगते. दुपारी मनसोक्त जेवा आणि रात्री चार जणींनी मिळून भेळ करा, एवढंच जमलं. कुरमुरे, कांदा, टोमॅटो, काकडी, दाणे, गॅस लागत नाही. काही रविवारी चाललं, काही रविवारी पिझ्झाच आला.

आणि उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरणाऱ्या मुली तुमच्याकडेही असतील, आणि त्यातल्या निम्म्या मनातून वजनासाठीच धरतात. 'एकादशी नि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, दाणे, बटाटा आणि तूप. श्रद्धेनं करत असेल तर करू द्या, मध्ये पडू नका. वजनासाठी करत असेल तर वहीत त्या दिवसाचं पान तिलाच वाचायला लावा.

आता माझी चूक. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी उत्साहात सहा आठवड्यांची स्पर्धा ठेवली. दर शनिवारी वजन, आकडे नोटीस बोर्डवर, पहिलीला बक्षीस. पहिली आलेली मुलगी बक्षीस घेतल्यानंतर चार दिवसांनी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. ती शेवटचे दोन आठवडे जवळजवळ ताक आणि काळ्या कॉफीवर होती, आणि मेसमध्ये खाडे, म्हणजे 'आज जेवायला नाही' अशी नोंद, लावत होती. खाड्यांची वही माझ्याच टेबलावर असायची, मी बघितली नाही. तेव्हापासून वजनाचा आकडा मुलगी आणि मी, दोघींतच. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढलेला किलोभर धरायचा नाही, ते बहुतेक पाणी असतं. जी मुलगी जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाते, जिची पाळी थांबलीय, जी बारीक असूनही स्वतःला जाडी म्हणते, तिला वही देऊ नका. डॉक्टरकडे आणि समुपदेशकाकडे न्या. तिच्यासाठी ही नोंदवही विष ठरू शकते.

त्यामुळे मुळात वजन कमी करायची गरज आहे का, हे आधी बघा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तेवीसच्या वर गेला की वजन जास्त आणि पंचवीसला लठ्ठपणा, असं आपल्याकडचे डॉक्टर धरतात. पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे पंचवीस आणि तीस. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल तर बीएमआय बरोब्बर पंचवीस येतो, आणि त्याच उंचीला तेविसाची रेघ ५९ किलोच्या जवळ. पण नुसत्या काट्यावर विसंबू नका. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो गाजला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून मी काट्याबरोबर शिंप्याची टेपही ठेवत असे. बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांसाठी ९०. आणि पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, मानेवर काळपटपणा असं काही दिसलं तर पीसीओएस (बीजांडकोश आणि हार्मोन्सचा एक विकार) किंवा थायरॉइडची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

लक्ष्य छोटं ठेवा. अडुसष्ट किलोच्या मुलीला पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आत-बाहेर. एका सेमिस्टरला पुष्कळ झालं. आणि एका वेळी एकच बदल, फार तर दोन. एकवीस दिवसांत सवय लागते हे मोबाइलवर फिरणारं वाक्य विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं होतं. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायची, तीही बारा आठवडे. आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक, पुढचा हिशेब मांडून काढलेला अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातलं जास्त आवडलं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. मी ते मुलींना ठासून सांगायची, कारण यांचं सगळं एका चुकलेल्या दिवसावरच मोडतं.

६६ दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर मांडून बघा. सेमिस्टर सुरू झाल्या झाल्या आरंभ केला तर सवय थोडी मुरल्यावर गणपती येतात. सबमिशनच्या आठवड्यात किंवा पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, नवं काहीही सुरू करू नका. त्या दिवसांत असलेलं टिकलं तरी मिळवलं.

झोपेवर रेक्टर म्हणून आपला फारसा ताबा नसतो, तरी एक गोष्ट मुलींना सांगण्यासारखी आहे. २००४ साली शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दहा-दहा तास. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी. अभ्यास लहान आहे, पण तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर का सापडते, ते तिला स्वतःला पटतं.

व्यायामावर मी दोनच ओळी लिहिते. जिमची वर्षाची फी भरू देऊ नका. रात्रीच्या जेवणानंतर आवारात पंधरा मिनिटं फेऱ्या, घरी फोन त्याच वेळी करायचा. फोन लांबतो, फेऱ्या आपोआप वाढतात.

लहान ताट घ्या म्हणजे कमी खाल्लं जातं, असंही कुणीतरी सुचवेल. खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या ज्या ब्रायन वॉन्सिंक यांच्या कामामुळे हा सल्ला जगभर पसरला, त्यांचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले आणि त्यांना २०१८ साली कॉर्नेल विद्यापीठाचा राजीनामा द्यावा लागला. आमच्या मेसमध्ये तर स्टीलचं कप्प्यांचं एकच ताट, त्यामुळे तो प्रयोग करायची वेळच आली नाही. त्याऐवजी काकांना भातवाढी वाटीनं करायला सांगितली आणि उसळीचं पातेलं रांगेत भाताच्या आधी ठेवलं. पहिल्या आठवड्यात उसळ संपली म्हणून काका माझ्यावर चिडले होते.

तुमच्या मेसची रात्रीची वेळ काय आहे आणि डबा खोलीवर न्यायला परवानगी आहे का, ते कळवा. पातेल्यांचा क्रमही बघून ठेवा. दहा दिवसांच्या वह्या आल्या की त्यातली एक-दोन पानं, नाव झाकून, इथे टाकलीत तरी चालेल. पण आधी त्या मुलीला विचारा.