भेगेतलं पीठ काय सांगतं?

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपात आमचं दगडमातीचं घर पडलं, आई त्यात गेली. आता नात पुस्तकातून वाचून सांगते, आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे. मग त्यातली भेग याआधी कधी हलली होती, हे दगडाच्या वयावरून कळतं का?
– एक वाचक, तालुका औसा

उत्तर : आईबद्दल वाचून तुमचं पत्र थोडा वेळ बाजूला ठेवावं लागलं. 30 सप्टेंबर 1993च्या त्या पहाटे मी सोलापुरात होते. पलंग हलला तशी जागी झाले. तेव्हा मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे, आणि पुढची कित्येक वर्षं विद्यार्थी मला हेच विचारत राहिले.

दगडाच्या वयावरून ते कळत नाही. भिंत कधी बांधली हे ठाऊक असलं, तरी तिला तडा कधी गेला ते वेगळं शोधावं लागतं. अशा हलणाऱ्या भेगेला भूगोलात प्रस्तरभंग म्हणतात. तिथे दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर घासतात आणि मधल्या दगडाचं जात्यात भरडावं तसं पीठ होतं. शोध घ्यायचा तो या पिठात.

पिठात क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे कण असतील तर काम होतं. आसपासच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियममधून अगदी थोडा किरणोत्सर्ग सतत चालू असतो. त्यामुळे कणातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून बसतात. वर्षं जातील तसे ते साठत जातात. भेग सरकली की दाबानं आणि घर्षणाच्या उष्णतेनं ते मोकळे होतात, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांवरून आजवर साठलेली किरणमात्रा ‘इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स’ या पद्धतीनं मोजायची, वर्षाकाठच्या मात्रेनं भागायची, की शेवटच्या मोठ्या हालचालीला किती वर्षं झाली ते निघतं.

खरी मेहनत पुढे आहे. मोठे कण नीट चिरडले जात नाहीत, त्यांच्यात जुना साठा उरतो आणि वय फुगतं. म्हणून पीठ चाळून बारीक, आणखी बारीक कणांचं वय वेगवेगळं काढतात. कण लहान होत गेले तरी वय एकाच आकड्यावर टिकलं, तर तो आकडा धरायचा. मला ही पद्धत आवडते, कारण ती स्वतःचीच चूक पकडते.

केरळात त्रिशूर जिल्ह्यात देशमंगलमला डिसेंबर 1994मध्ये 4.3 तीव्रतेचा धक्का बसला. तिथल्या भेगेतलं पीठ असंच तपासलं गेलं. त्या कामात मुंबईच्या आयआयटीचे संशोधकही होते. 2002मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं : शेवटची मोठी हालचाल सुमारे 4 लाख 30 हजार वर्षांपूर्वीची, 43 हजार वर्षं मागेपुढे.

किल्लारीला हे इतकं सोपं नाही. काळ्या कातळात गारगोटी फारशी नसते, पोकळ्यांत नंतर साठलेली सोडली तर. ती भरपूर असते खालच्या ग्रॅनाइटी खडकात, आणि तिथवर पोचायला कातळाचा सुमारे 338 मीटरचा थर भेदावा लागतो. शिवाय वय निघालं तरी ते मागचं. पुढचा धक्का कधी, हे त्यातून निघत नाही.

तुमच्याकडे विहीर खणताना कातळात तिरकी, बोटांनी चुरगळणारी पट्टी दिसली, तर फोटो काढा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. ती माती मात्र उकरून उन्हात ठेवू नका. काही साठे नुसत्या उन्हानंही पुसले जातात.