बेलभंडारा उचलला, मग मत बांधलं गेलं का?

प्रश्न : मागच्या लोकसभेला मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने वस्तीवरच्या बायाबापड्यांना बिरोबाच्या देवळात बोलावून बेलभंडारा उचलायला लावला, म्हणजे देवाचा बेल आणि हळद हातात घेऊन तो सांगेल त्यालाच मत देण्याची शपथ घ्यायला लावली. आईने तरी मनासारखं मत दिलं. पुढे म्हैस आटली, तर ती म्हणते देवाचा कोप झाला. पुढारी म्हणतो, ‘कोण फुटलं ते आम्हाला कळतं.’ अशी शपथ बंधनकारक असते का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : अजिबात नाही. उलट ती घ्यायला लावणाराच अडकतो.

तहसील कचेरीत निवडणूक शाखा सांभाळताना मी नव्या कारकुनांना लोकप्रतिनिधित्व कायद्याचं, म्हणजे १९५१ च्या कायद्याचं कलम १२३ मुद्दाम वाचायला द्यायचो. खर्च, वाहनं, लाच असं सगळं रुक्ष चाललेलं असताना मध्येच देव येतो. मतदारावर दैवी कोप होईल असं त्याच्या मनात भरवणं हा गैर दबाव, असं तिथे चक्क लिहिलंय. तुमच्या आईंच्या मनात जे भरवलं गेलं ते नेमकं हेच.

पंजाबात नामधारी शिखांच्या गुरूंनी एका उमेदवारासाठी हुकूम काढले होते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुरूने आपली पसंती बोलून दाखवायला हरकत नाही. पण न ऐकल्यास देवाचा रोष ओढवेल अशा थाटात आज्ञा केली, तर भक्ताला निवड उरतेच कुठे?

आपल्याकडे गाजली ती प्रकरणं भाषणांची. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी गेली आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. ज्या दिवशी प्रभूंचा निकाल कायम झाला, त्याच दिवशी, ११ डिसेंबर १९९५ ला, मनोहर जोशी मात्र तशाच आरोपातून सुटले. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल हे त्यांचं वाक्य नुसती आशा ठरलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवलं, की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. २०२४ ला निवडणूक आयोगाने शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाला प्रचारगीतातले ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढायला सांगितले. माझं मत विचाराल तर माइकवरचा शब्द न् शब्द तोलला जातो, आणि रात्री देवळात माइकशिवाय जे चालतं त्याकडे कुणी फिरकत नाही. लोकसभेचं मत खरं तिथे वळतं. बहुतेकदा भंडाऱ्याच्या जोडीला पाकीटही असतं. (पाकीट घेणाराही गुन्हेगार ठरतो, तेवढं लक्षात असू द्या.)

आता ‘आम्हाला कळतं’चं. केंद्रनिहाय आकडे निकालानंतर मिळतात, त्यामुळे गावातून किती मतं फुटली हे त्याला कळतं. कुणाची, हे कळत नाही. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी सात सेकंद दिसते ती आईंना एकट्यांनाच, मग पेटीत पडते. या अर्ध्या माहितीवरच सगळा दम असतो.

आईंची भीती कलमं वाचून जायची नाही. देवळाच्या पुजाऱ्याला किंवा वस्तीवरच्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला त्यांच्याशी बोलू द्या. दमदाटीने उचलायला लावलेला भंडारा लागत नाही, हे त्यांच्या तोंडून पटेल. आणि म्हैस जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

निकालाला कोर्टात आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिकेची ४५ दिवसांची मुदत केव्हाच संपली. पुढच्या वेळी आचारसंहितेच्या काळात असं घडलं तर आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर व्हिडिओ टाका, १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. उमेदवाराचं नाव घालायची घाई करू नका, त्याची संमती होती हे सिद्ध करणं महाकठीण. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली शपथ घ्यायला लावणाऱ्यावर थेट गुन्हा होतो, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीत त्याचंच नाव, देऊळ आणि वेळ लिहा.