भोसरीची शेड, अडीच कोटी आणि डिफेन्सचं काम

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही श्टुटगार्टला, धाकट्या भावाची भोसरीला चार व्हीएमसींची (संगणकावर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशीनची) शेड, काम सगळं गाड्यांच्या पार्ट्सचं. आता दोघांनी मिळून अडीच कोटी उभे करायचे, पाच-अ‍ॅक्सिस मशीन (पीस पाच अक्षांवर फिरवून कापणारं) घ्यायचं आणि एरोस्पेस-डिफेन्समध्ये शिरायचं. "सगळे म्हणतात पुढची वीस वर्षं हेच क्षेत्र", असं तुम्ही लिहिलंय. शिवाय परकीय गुंतवणुकीची मर्यादा, डिफेन्स कॉरिडॉर आणि शेअर यांबद्दलही विचारलंय. मी नाशिकला अंबडमध्ये बावीस वर्षं हीच कामं करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळे म्हणतात ते खोटं नाही. २०१३-१४ मध्ये आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटींची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली आणि त्यातला १५,२३३ कोटींचा माल खासगी कंपन्यांचा. त्याच वर्षी देशातलं एकूण संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींच्या वर गेलं. पण त्या दीड लाख कोटींतला ७७ टक्के वाटा सरकारी कंपन्यांचा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे शेवटचं गिऱ्हाईक जवळजवळ एकच, सरकार. तुमचा भाऊ त्याच्यापासून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभा राहणार. वर एक फाईल अडकली की खाली त्याचं मशीन थांबणार.

तेजस या लढाऊ विमानाचंच बघा. ८३ मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. त्यासाठी ९९ इंजिनं अमेरिकेतून मागवली, त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या नव्या लाइनवरचं पहिलं विमान उडालं १७ ऑक्टोबर २०२५ ला. आमच्या नाशिककरांना त्याचा अभिमान आहेच, मलाही आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. ऑर्डर बुक बघून शेअर घेणाऱ्याला यात आनंदच आहे. ब्रॅकेट बनवणाऱ्याने मात्र त्या इंजिनाची चार वर्षं मोजावीत. तेवढ्या काळात बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या पुण्याचंच. पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेली एटीएजीएस तोफ. काम २०१३ मध्ये सुरू झालं आणि ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला मार्च २०२५ मध्ये, साठ टक्के भारत फोर्जला, बाकी टाटांना. बारा वर्षं! भारत फोर्जला एवढं थांबता आलं, कारण तिकडे ट्रकचे क्रँकशाफ्ट चालूच होते. म्हणून भावाला पहिली गोष्ट सांगा: गाड्यांचं काम सोडायचं नाही. त्यातला फायदा कमी का असेना, डिफेन्सला थांबायची ताकद तिथूनच येणार आहे.

आता शेडमधलं. गाड्यांच्या कामात आपण सेकंद मोजतो. सायकल टाइममध्ये (एक पीस काढायला लागणाऱ्या वेळात) चार सेकंद वाचले की महिन्याला लाखभर पार्ट्सवर पैसा दिसतो. इकडे एरोस्पेस-डिफेन्समध्ये ऑर्डर येते चाळीस पीसची. अर्धा वेळ सेटिंगमध्ये जातो, उरलेल्यातला निम्मा कागदात. फर्स्ट आर्टिकलची, म्हणजे पहिल्या पीसच्या तपासणीची, फाईल म्हणजे ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला नंबर, प्रत्येक नंबरासमोर प्रत्यक्ष आलेलं माप, सोबत मटेरियलचं सर्टिफिकेट. माझी पहिली फाईल पीसपेक्षा जड होती, हे शब्दशः खरं आहे.

आणि एकदा हात पोळला तेव्हा चूक पूर्ण माझीच होती. ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा बार, एका टोकाला हीट नंबर (धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा नंबर) पंच केलेला. पोराने बार मधोमध कापला आणि नंबर नसलेल्या तुकड्यातून अकरा पीस काढले. मापं सगळी बिनचूक, सीएमएमवर (मापं तपासायच्या मशीनवर) एकही बाहेर नाही. इन्स्पेक्टरने विचारलं, "हे त्याच बारमधले कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकराच्या अकरा पीस आम्ही आमच्याच बँडसॉवर आडवे कापले, कारण रिजेक्ट माल वापरता येणार नाही असा करूनच टाकावा लागतो. तेव्हापासून आमच्याकडे बार कापायच्या आधी दोन्ही टोकांना नंबर पडतो.

एएस९१०० हे एरोस्पेसच्या गुणवत्ता-व्यवस्थेचं सर्टिफिकेट घ्यावंच लागेल, पण ते म्हणजे मांडवात शिरायचं आमंत्रण, जेवण नव्हे. अ‍ॅनोडायझिंग, हीट ट्रीटमेंटसारख्या प्रोसेस नॅडकॅप (अशा खास प्रोसेससाठीची आंतरराष्ट्रीय) मान्यता असलेल्या ठिकाणीच करायला सांगतात. माझा काही माल त्यासाठी बंगळूरला जाऊन येतो. ते भाडं आणि ते दिवस कोटेशनमध्ये धरायला नवा माणूस हमखास विसरतो.

एरोस्पेस आणि डिफेन्स तुम्ही एका दमात लिहिलंय, पण धंदे वेगळे आहेत. नागरी विमानांच्या पार्ट्सला आत शिरायला दोन-तीन वर्षं लागतात. एकदा पार्ट तुमच्याकडे आला की मात्र सहसा हलत नाही, आणि मागणीचा अंदाज आधी मिळतो. बेळगावजवळ हत्तरगीला विमानांच्या पार्ट्सचं जे औद्योगिक संकुल उभं राहिलं, त्यात फोर्जिंगपासून मशीनिंग आणि सरफेस ट्रीटमेंटपर्यंत सगळं एकाच आवारात आहे. ते जमलं तर एकदा बघून या. डिफेन्समध्ये टेंडर, एल-वन (सगळ्यात कमी भाव भरणाऱ्याला काम), बँक गॅरंटी, आणि पुढच्या वर्षी तोच पार्ट दुसऱ्याकडे. माझं मत विचाराल तर भावाने नागरी कामाच्या मागे लागावं आणि डिफेन्सचं जॉबवर्क मोठ्या खासगी कंपनीमार्फत घ्यावं, थेट टेंडर भरू नये.

डिफेन्समध्ये सरकारच्या वेगळ्या मंजुरीशिवाय ७४ टक्क्यांपर्यंतच परकीय गुंतवणूक चालते, त्याची चिंता सोडा. ती मर्यादा परवाना लागणाऱ्या उत्पादनांसाठी आहे, आणि सुटे भाग, कास्टिंग, फोर्जिंग २०१४ मध्येच परवान्याच्या यादीतून बहुतांशी बाहेर पडले. शिवाय तुम्ही पैसा परत बाहेर न नेण्याच्या बोलीवर घातलात तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली तो देशी गुंतवणूकच धरतात. ही बोली कागदावर नीट उतरवा, सीएकडून. भावाभावांत तर नक्कीच.

डिफेन्स कॉरिडॉरचंही (सवलती देऊन डिफेन्सचे उद्योग बसवायचे सरकारी पट्टे) तसंच. ते उत्तर प्रदेशात आणि तमिळनाडूत आहेत, पण चार व्हीएमसींसाठी कुणी भोसरी सोडत नाही. खडकी, देहूरोड, पाषाण इथले संरक्षण कारखाने आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत, आणि चांगला सेटर (मशीनवर काम लावून देणारा कारागीर) मिळणं हे सबसिडीपेक्षा मोठं.

अडीच कोटींपैकी मशीनवर निम्म्याहून जास्त घालू नका. आधी सेकंडहँड फोर-अ‍ॅक्सिस बघा, बरेच पार्ट त्यावर निघतात. वीस-पंचवीस लाख सीएमएम, टूलिंग, सर्टिफिकेशनला. बाकी सगळं खेळतं भांडवल म्हणून बाजूला. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, पण घड्याळ माल स्वीकारल्यापासून सुरू होतं आणि इन्स्पेक्शनची तारीख तुमच्या हातात नसते. माझा सरासरी पैसा मटेरियल घेतल्यापासून सात-आठ महिन्यांनी हातात येतो. परदेशी मटेरियलचा पैसा तर आधीच मोजावा लागतो.

शेअरबद्दल एकच ओळ: एचएएलचा शेअर मार्च २०१८ मध्ये १,२१५ रुपयांना विकायला काढला, तेव्हा पहिल्याच दिवशी भाव खाली गेला होता आणि माझ्यासकट इथल्या बहुतेकांनी घेतला नाही, त्यामुळे त्या बाबतीत माझा सल्ला घेऊ नका.

मशीनचं कोटेशन मागवण्याआधी एक करा. भावाला आज फोन करून सांगा, की मशीनवर आत्ता जो पीस चढलाय त्याचा हीट नंबर आणि सर्टिफिकेट शोधून फोटो पाठव. किती वेळ लागला ते इथे लिहा, मग मशीनचं बोलू.