ती नारळ दोनदा का मोजते?

प्रश्न : बाई, आमचा दहा बायकांचा स्वयंसाहाय्य गट आहे. चवथीला नेवऱ्या, चकल्या, लाडू करून विकतो, एरवी कोकमाची सोलं आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस). आमच्यातली एक जण कामाला वाघीण आहे. पण गटाच्या डब्यात पैसे ठेवायचं नाव काढलं की तोंड फिरवते. नारळ आले की दोनदा मोजते. मजुरी त्याच संध्याकाळी मागते. बाकी आम्ही सगळ्या वाटपापर्यंत थांबतो. गेल्या वर्षी चवथीचं वाटप दिवाळीला झालं तरी कुणी चकार शब्द काढला नाही, हिनंच तेवढा वाद घातला. तिचं लहानपण फार हलाखीत गेलं, आठव्या वर्षापासून लोकांच्या घरी भांडी घासली. माझे यजमान म्हणतात, ज्यानं भोगलं त्यालाच दुसऱ्याचं कळतं. मग ही अशी कशी? लहानपणी सोसलेल्या माणसाला मोठेपणी चारजणांत मिळून काम करणं जमत नाही, असं काही असतं का?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : पत्र वाचता वाचता माझी आईच डोळ्यांपुढे आली. आम्ही गोव्यातल्या चोडण बेटावर एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत घर करून राहणारे मुंडकार. १९७५चा मुंडकार कायदा यायच्या आधीची गोष्ट, म्हणजे घर आमचं आणि नाहीही. भाटकार दर वर्षी सांगायचा, मिरगाआधी छप्पर शाकारून देतो. दोन पावसाळे आम्ही घरभर पातेली मांडून काढले. तेव्हापासून आई काजू वेचायला गेली की त्या दिवसाची मजुरी दिवेलागणीला हातात पडल्याशिवाय त्याच्या अंगणातून हलत नसे. ‘शनिवारी एकदम देतो’ हे वाक्य तिच्यासाठी संपलेलं होतं. गावात तिला आपमतलबी म्हणायचे.

आणि हीच बाई एका आषाढात, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचा, बांध फुटल्याची हाक आली तेव्हा, चिमणीचा दिवा माझ्या हातात देऊन सगळ्यांच्या आधी धावली. पहाटेपर्यंत चिखलाच्या टोपल्या हातोहात जात होत्या. आमचा खंडानं घेतलेला तुकडा फुटलेल्या जागेपासून बराच लांब होता. पण खारं पाणी आत शिरलं की ते कुणाचं शेत पाहून थांबत नाही, आणि बांधलेला बांध सकाळी डोळ्यांना दिसतो. त्या कामात तिला कुणी फसवू शकत नव्हतं. आता सांगा, ती मिळून काम करणारी की न करणारी?

अभ्यासकांचंही उत्तर असंच दोन तोंडांचं आहे. २०२०मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. हलाखीत वाढलेली माणसं मोठेपणी सामूहिक कामांत सरासरीनं कमी पडतात, असा धागा त्यात दिसला. मात्र हा सगळ्यांचा मिळून हिशेब. त्यावरून तुमच्या मैत्रिणीची पत्रिका मांडता येत नाही. उलट बाजूला सिएरा लिओन. तिथं १९९१ ते २००२ यादवी चालली. ज्या घरांनी जास्त हिंसा सोसली, तिथली माणसं नंतर गावच्या सभांना, मंडळांना, मतदानाला जास्त जाताना आढळली. तुमच्या यजमानांना हे सांगा, खूश होतील. पण पुढचंही सांगा : युद्ध पाहिलेल्या मुलांवरच्या अभ्यासांत हा आपलेपणा मुख्यतः आपल्या माणसांपुरता वाढलेला दिसतो, परक्यांसाठी नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो २०१३चा अमेरिकेतला एक छोटा प्रयोग. रॉचेस्टर विद्यापीठात तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. आधी मुलापुढे जुने रंगखडू ठेवले आणि सांगितलं, थांब, छान नवे आणते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. बाकीच्यांकडे बाई रिकाम्या हातानं परत आल्या, ‘नाहीत ग बाई, संपले’. स्टिकरच्या बाबतीतही तेच. मग एक गोड वडी पुढ्यात ठेवली : मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. शब्द पाळलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसवलेली तीन. पूर्ण पंधरा मिनिटं थांबली पहिल्या गटातली चौदापैकी नऊ, दुसऱ्यातलं फक्त एक.

ही मुलं एका सकाळीत शहाणी झाली. तुमची मैत्रीण आठव्या वर्षापासून मोठी होईपर्यंत तेच शिकत आली असणार. थांबलं की बुडतं, हा तिचा अनुभव आहे. त्याला स्वार्थ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गरिबी वेगळी आणि बेभरवसा वेगळा. दोन वेळची पेज ठरलेल्या वेळी मिळणारं गरीब घर आणि कधी मेजवानी, कधी शिव्या देणारं घर, यांतून निघालेली मुलं सारखी नसतात. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, ते मी पाहिलंय.

आता तुम्हाला जरा टोचेल असं. ‘वाटप दिवाळीला झालं तरी’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. ताई, चवथीचे पैसे दिवाळीला! बाकीच्या नऊजणी गप्प बसल्या, कारण त्यांच्या घरी बहुधा दुसरी मिळकत आहे. जिनं वाद घातला ती सगळ्यांच्या वतीनं बोलली, असं धरायलाही हरकत नाही. तिचं लहानपण खणण्याआधी गटाची वही उघडा.

यंदा तिची मजुरी मागण्याआधी, त्याच संध्याकाळी द्या, आणि तिच्या एकटीला नको, सगळ्यांनाच. डब्यात सुरुवातीला आठवड्याला दहा-वीस रुपये पुरेत. त्याची नोंद तिच्या हातातल्या वहीत तिच्यासमोर करा. महिन्यानं परत द्यायचे म्हटलं तर तीस दिवसांनी द्या, एकतिसाव्या दिवशी नाही. डब्याला दोन कुलपं लावा, दोघींकडे दोन किल्ल्या, त्यातली एक तिच्याकडे. ‘तू लहानपणी सोसलंस म्हणून तू अशी’ हे मात्र चुकूनही तोंडावर बोलू नका. माझ्या आईला एका शहाण्या मास्तरांनी ते ऐकवलं होतं. त्यांच्या बायकोच्या हातचा चहा ती पुन्हा कधी प्यायली नाही.

वाटपाची तारीख चवथीआधीच ठरवून भिंतीवर लिहा. आणि नारळ मोजायचं काम अधिकृतपणे तिलाच द्या. नेवऱ्यांच्या घाईत पोती उतरवताना दहा-बारा नारळ कमी आले तर तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात येतं?